एका लिटरचा फरक

"ताई, तुम्ही कशाला डोकं शिणवताय? हा प्रोग्राम करतो ना सगळं," असं म्हणून शर्वरीनं तिचा लॅपटॉप टेबलावर ठेवला. नेमका माझ्या कागदावर.

मी कागद ओढून बाहेर काढला. अर्धी आकडेमोड झाली होती. समोर माझा नवरा विद्याधर हाताची घडी घालून बसला होता आणि लॅपटॉप सुरू होण्याची अशी वाट बघत होता, जशी त्यानं माझ्या चहाचीही कधी बघितली नाही.

"राहू दे वृंदा," तो म्हणाला. "तुला उगाच त्रास."

त्रास! दोन वर्षं दर महिन्याला मी हा त्रास घेत होते आणि कुणाला त्याची खबर नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हिच्याकडे बघूनच कुणीतरी म्हणून ठेवलं असावं.

आम्ही तेव्हा मेलबर्नच्या एका कडेच्या उपनगरात राहत होतो. तिथे घरी बिअर करायला बंदी नाही. आपल्याकडे बायका लोणचं घालतात तशी तिथले लोक गॅरेजमध्ये बिअर घालतात आणि शेजाऱ्यांना बाटल्या वाटतात. विद्याधरला हा नाद लागला तो ऑफिसातल्या लोकांमुळे. पण त्याच्या हाताला माप नाही. पहिली खेप पाण्यासारखी झाली, दुसरी काढ्यासारखी. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मी कराडच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवलेली बाई. ऑस्ट्रेलियात माझी बी.एड. कुणी विचारत नव्हतं, म्हणून पाळणाघरात लोकांच्या पोरांची नाकं पुसत होते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव किती, पाणी किती, उकळताना किती आटेल, हे ठरवणं एवढंच गणित माझ्या वाट्याला उरलं होतं. ते मी जीव लावून करायची. आमच्या लालसर बिअरची रेसिपी माझी होती, चव बघून बघून आणि आकडे खोडून खोडून बसवलेली. विद्याधर शेजारी बसायचा, "आता काय येतं गं?" म्हणून विचारायचा. आमच्या संसारात तो एकच प्रश्न असा होता, की ज्याचं उत्तर तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा.

शर्वरी आम्हाला महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत भेटली. मूळची नाशिकची, एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी, एकटी राहायची. बिअरचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "तुम्ही पाकिटातलं कोरडं यीस्ट टाकता? अहो, स्टार्टर करा ना!"

स्टार्टर म्हणजे यीस्टची आगाऊ तयारी. माल्टचं पातळसं गोड पाणी बरणीत घ्यायचं, त्यात यीस्ट सोडायचं, दोन-तीन दिवस वाढू द्यायचं आणि मग फसफसलेली अख्खी बरणी बिअरच्या पिंपात ओतायची. यीस्टची फौज मोठी होते, बिअर स्वच्छ उतरते. हे खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या बरणीतलं पाणीही पिंपात जातं आणि साखरही. दोन्ही हिशोबात धरावी लागतात. वीस लिटर बिअर हवी असेल आणि बरणी एक लिटरची असेल, तर पातेल्यात उकळून एकोणीस लिटरच उरले पाहिजेत, आणि माल्टही त्याच बेतानं कमी घ्यायला हवा. नाहीतर बरणी ओतल्यावर सगळ्या मापांचा विचका.

हे कळायला काही प्रोग्राम लागत नाही. मी तोंडी करून दाखवलं असतं. कुणी विचारलं तर.

"एकोणीस," शर्वरी पडद्याकडे बघत म्हणाली. "एक लिटरचा स्टार्टर धरून एकोणीस."

"बघ, आलं की नाही लगेच!" विद्याधर म्हणाला.

"माझंही एकोणीसच आलंय," मी कागद पुढे केला.

"हो का? छान," तो म्हणाला. पोरीनं भिंतीवर रेघोट्या ओढल्या की आपण म्हणतो तसं छान. कागदाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मी कागद मागे ओढला. आणि शर्वरी मान तिरकी करून मला म्हणते, "ताई, तुम्ही हे सगळं हातानं करता? किती गोड!" मला ताई आणि त्याला नुसता विद्याधर. नाती अशी सोयीनं लावायची असतात.

"गोड काय त्यात," मी म्हणाले. "आणि का गं, दुसऱ्याच्या नवऱ्याचाही हिशोब ठेवतो का तुझा हा प्रोग्राम?"

शर्वरीचे कान लाल झाले. तिनं लॅपटॉप मिटला, उद्या लवकर उठायचंय वगैरे काहीतरी पुटपुटली आणि गेली. विद्याधर तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"लाज नाही वाटली तुला?"

"मला कशाला वाटेल? मी माझ्या घरात माझ्या खुर्चीवर बसलेय."

"ती एकटी पोरगी परक्या देशात राहते. जरा माणुसकी दाखवतो आपण, तर—"

"माणुसकीला आफ्टरशेव्ह लागतं होय रे?"

त्यावर तो हळू आवाजात बोलला. त्याचा आवाज चढला की मला भीती वाटत नसे, उतरला की वाटे.

"वृंदा, हा संशयाचा रोग आहे तुझा. पुण्यात जोशीबाई होती, इथे शर्वरी. दर वेळी मी खुलासे द्यायचे. आता बास. शनिवारी ती स्टार्टर घेऊन येईल तेव्हा तू तिची माफी मागायची. नसेल मागायची तर काय पाहिलंस ते सांग. पाहिलंयस काही?"

मी काही पाहिलं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. तिला चहात साखर किती लागते हे त्याला ठाऊक होतं. माझ्या चहात मी साखर सोडून वर्ष झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण याला पुरावा म्हणत नाहीत. जोशीबाईंच्या वेळी मी चुकले होते, तेही खरं. त्या बिचाऱ्या त्याच्याकडून गृहकर्जाचे अर्ज भरून घेत होत्या आणि मी त्यांच्या दारात जाऊन तमाशा केला होता. त्यामुळे माझं मलाच कळेना. एकतर माझं डोकं फिरलंय, नाहीतर माझं खरं आहे. दोन्हींपैकी काय ते मला कळायला हवं होतं. माझ्या जिवाला दुसरं काही नको होतं.

विद्याधरनं शर्वरीच्या प्रोग्रामचा छापील कागद गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला. 'स्टार्टर : १ लिटर' असं त्यावर ठळक होतं. माझा कागद मी भाजीच्या सालींबरोबर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ऑफिसातल्या रॉबचा निरोपसमारंभ आहे, जेवायला थांबू नकोस, असं तो सकाळीच सांगून गेला. संध्याकाळी मी एकटी घरात. शनिवारी दोघांच्या देखत माफी मागायची या विचारानंच मला घास जाईना. म्हटलं, त्यापेक्षा आत्ता फोनवरच उरकून टाकावं, निदान तिचं तोंड तरी बघायला नको. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंदच. मग मी उद्यासाठी मटकी निवडत बसले. हो, मिसळ करणार होते. जिच्यावर जळायचं तिलाही उपाशी पाठवायचं नाही, एवढं आईनं शिकवलं होतं.

शनिवारी मी उठले तेव्हा गॅरेजमध्ये शेगडी पेटलेली होती. विद्याधर पाणी, माल्ट सगळं मोजून मोकळा झाला होता आणि शीळ घालत होता. एरवी पाणी मोजताना तो मला हाक मारायचा.

"मला उठवलं नाहीस?"

"कागद आहे ना भिंतीवर. म्हटलं झोपू दे तुला."

मी आत येऊन कांदा चिरला. शर्वरी आली तेव्हा पातेलं उकळून होत आलं होतं आणि सगळ्या गल्लीत माल्टचा गोडसर वास सुटला होता. ती दारात घुटमळत होती. विद्याधरनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. चल, म्हण.

मी पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला आणि म्हणाले, "शर्वरी, परवा मी जे बोलले ते चुकीचं होतं. मनात ठेवू नकोस."

"अहो जाऊ द्या ताई! मी विसरलेसुद्धा."

"काल संध्याकाळी फोनही केला होता तुला."

"माझा फोन काल दुपारीच लॅबमध्ये सिंकात पडला, ताई. अजून सुरू होत नाहीये. तांदळात पुरून ठेवलाय."

"झालं? संपला विषय," विद्याधर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू पालकसभेत पोराचं कौतुक झालंय. माझंच डोकं फिरलंय, हे आता सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मीसुद्धा.

उकळी थांबवून आम्ही पातेल्यात काठी बुडवली. ही काठी मीच केली होती. लांब लाकडी उलथन्यावर एकेक लिटरला चाकूनं खूण पाडलेली. मी ती उचलून उजेडात धरली आणि खुणा मोजल्या. पुन्हा बुडवली, पुन्हा मोजल्या.

अठरा.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कागदावर एकोणीस आणि पातेल्यात अठरा! आख्खा एक लिटर कमी! तो गोड गोड प्रोग्राम तोंडावर आपटला होता. दोन दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली.

"अरे अरे अरे," मी म्हणाले. "हे तर अठराच आहेत. एक लिटर कुठे गेला गं शर्वरी? तुझ्या प्रोग्रामनं प्यायला वाटतं."

"अठरा?" तिनं वाकून पाहिलं.

"हातानं करणाऱ्यांचं चुकत नाही हो असं. आता वरून पाणी घाला, नाहीतर पिंपात एकोणीसच भरतील. तुमच्या बिअर क्लबाची स्पर्धा आहे ना पुढच्या महिन्यात? परीक्षकांना काय सांगणार, लॅपटॉप दमला होता?"

"ताई, थांबा," शर्वरी म्हणाली. ती गाडीकडे गेली आणि दोन्ही हातांनी एक बरणी घेऊन आली. बरणी मोठी होती, एक लिटरनं ती अर्धीच भरलेली असेल असं मी धरून होते. ही गळ्यापर्यंत भरलेली होती, वर जाड फेस.

"एक लिटर कमी नाहीये. यीस्ट इतकं जोरात होतं ना, म्हणून काल संध्याकाळी मी बरणीत आणखी एक लिटर माल्टचं पाणी घातलं. म्हणजे स्टार्टर आता दोन लिटरचा झालाय. अठरा आणि दोन, वीस! बरोबर आहे सगळं."

विद्याधर मोठ्यानं हसला. "बघितलंस? किती घाई तुला दुसऱ्याला चूक ठरवायची! अगं, मी सकाळी मुद्दामच पाणी एक लिटरनं कमी घातलं. माल्टही कमी केला. सगळा हिशोब करूनच केलंय. उगाच बिचारीला—"

मी ओशाळले. खरंच ओशाळले, दोन क्षण. काठी पुसायला घेतली. कशीही फिरवली तरी बेरीज जुळत होती. अठरा आणि दोन वीस.

आणि मग माझ्यातली गणिताची बाई जागी झाली.

वर्गात कॉपी कशी पकडतात, माहीत आहे? लोकांना वाटतं, दोघांचं सारखंच चुकलं की पकडतात. तेही आहे. पण कधी कधी फळ्यावर प्रश्न लिहिताना बाईंच्याच हातून आकडा चुकतो. मग सगळ्या वर्गाचं उत्तर चुकतं, आणि एकाच पोराचं पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तरासारखं बरोबर येतं. त्या पोरानं गणित केलेलं नसतं. त्यानं उत्तर पाहिलेलं असतं.

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. स्टार्टर, एक लिटर.

"विद्याधर," मी म्हणाले, "पाणी तू सकाळी घातलंस?"

"हो. तू झोपली होतीस."

"शर्वरी यायच्या आधी."

"मग काय नंतर? पाणी आधीच घालतात."

"आणि बरणी दोन लिटरची झाली ती काल संध्याकाळी."

"हो ना, आत्ता ती तेच तर—"

तो थांबला. शर्वरीला त्याच्या आधी कळलं होतं. तिनं बरणी छातीशी घट्ट धरली होती आणि फेसाकडे बघत होती.

"मग सकाळी तुला कसं कळलं, की बरणी दोनची झालीय?"

"तिनं फोनवर सांगितलं," विद्याधर म्हणाला.

"त्यानं अंदाज केला असेल," शर्वरी म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. मग दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. तिचा फोन तांदळात होता, ते तिनंच मला सांगितलं होतं. आणि पातेल्याबाबत विद्याधरनं जन्मात कधी अंदाज केला नव्हता. त्याला मीठसुद्धा मला विचारून टाकावं लागायचं.

गल्लीत शेजारचा डग गवत कापत होता, त्याच्या यंत्राचा आवाज येत होता. मी काठी खुंटीला अडकवली.

"रॉबचा निरोप कसा झाला?" मी विचारलं.

"वृंदा, ऐकून घे. तुला वाटतंय तसं—"

"ताई, मी खरंच—"

"ताई म्हणू नकोस," मी म्हणाले. "आणि ती बरणी खाली ठेव, हात दुखतील. पातेलं आधी गार करा. गरम रसात यीस्ट ओतलं तर मरेल."

आत जाऊन मी मिसळीचा गॅस बंद केला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शर्वरी गेली, बरणी ठेवून गेली. थोड्या वेळानं विद्याधर स्वयंपाकघरात आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. किती दिवस चाललं होतं, ते त्यानं सांगायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. मला ते नको होतं.

"एकच सांग," मी म्हणाले. "काल संध्याकाळी तू तिच्या घरी होतास. आणि आज सकाळी तू मला तिची माफी मागायला लावलंस. उभा राहून बघत होतास. बरं वाटलं का रे तुला?"

तर तो म्हणतो, "रस गार झालाय. यीस्ट टाकू का?"

अजूनही हा मलाच विचारत होता. मी त्याला टाक म्हणाले. वीस लिटर माल वाया घालवायला माझं मन धजलं नाही. त्यात माझा दोन वर्षांचा जीव होता.

बिअर तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढी मी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी दोन बॅगा घेऊन मी संज्योतकडे राहायला गेले. संज्योत माझी पाळणाघरातली मैत्रीण. तिचा नवराही विद्याधरच्याच बिअर क्लबात होता. तिच्या मागच्या खोलीत मी घटस्फोटाचे कागद भरले, शिक्षकांच्या परीक्षेचा अर्ज भरला, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. संज्योत मला सारखी म्हणायची, "अगं रड, मोकळी हो." मला रडूच येत नव्हतं. माझं डोकं ठिकाणावर होतं, याचाच मला इतका आनंद झाला होता.

स्पर्धेच्या दिवशी संज्योत आणि तिचा नवरा संध्याकाळी परत आले. मी ओट्याशी भाकरी थापत होते. संज्योतचा नवरा बूट काढता काढता चाचरत म्हणाला, "वृंदा, तुला कळेलच, म्हणून सांगतो. विद्याधरच्या त्या लालसर बिअरला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, इतकी नेमकी मापाची बिअर पाच वर्षांत चाखली नाही."

"नावं कुणाची होती?" मी विचारलं.

त्यानं संज्योतकडे पाहिलं.

"सांग ना. बक्षिसाच्या पाटीवर नावं कुणाची होती?"

"त्याचं आणि शर्वरीचं," तो म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपली, तरी मला ती उलटता येईना. तशीच पिठाच्या हातांनी मी ओट्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडायला लागले, इतक्या दिवसांचं एकदम. संज्योत धावत आली. तिनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"रड, रड," ती म्हणाली. "नवरा होता शेवटी. आठवण येणारच."

"नवऱ्याचं जाऊ दे गं," मी म्हणाले. "रेसिपी माझी होती."